घरात राहण्याची अट

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारपासून पंधरा एप्रिलपर्यंत माझ्या घरात माणसं असायची. बाकी वर्षभर नसायची.

शॉमबर्ग आणि आजूबाजूच्या गावांतल्या मराठी मंडळींमध्ये कुणी पुरणपोळी चांगली करते म्हणून ओळखली जायची, कुणी पेटी वाजवते म्हणून. मी टॅक्स भरून देते म्हणून. मी काही अकाउंटंट नव्हे. एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी करत होते. घटस्फोटाच्या वर्षी वकिलावर इतका खर्च झाला की टॅक्सवाल्याला द्यावं असं काही उरलं नाही, म्हणून लायब्ररीतून सूचनांची फुकट पुस्तिका आणली आणि स्वतःच भरला. जमला. मग ऑफिसातल्या एकीचा भरला, तिच्या दिराचा भरला, आणि काही वर्षांत पुण्या-नागपूरहून नवी आलेली मुलं कुणाकुणाकडून नंबर घेऊन फोन करायला लागली. "काकू, तुम्ही टॅक्स करता ना?" पैसे घ्यायचे नाहीत हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. पैसे घेतले की लोक घाई करतात. पैशांऐवजी ते डबे आणायचे. तेवढे अडीच महिने मला शनिवार-रविवारचा स्वयंपाक करावा लागत नसे.

या मुलांची एक चूक ठरलेली होती. सगळे कागद टेबलावर मांडून झाले की जरा आवाज खाली आणून विचारायचे,

"काकू, मम्मी-पप्पांना डिपेंडंट टाकायचंय."

"कुठे असतात?"

"सोलापूरला."

"मग नाही टाकता येत."

"पण दर महिन्याला मी पैसे पाठवतो. पूर्ण घर माझ्यावर चालतं."

"चालत असेल. आई-वडील या देशाचे रहिवासी असले पाहिजेत. तू सोलापूरला कितीही पाठव, इथल्या सरकारला त्याचं काही नाही."

"यार काकू, तिकडे माझ्या कंपनीनं तर टाकले होते. मेडिकलमध्ये दोघांची नावं होती. डिपेंडंट म्हणजे डिपेंडंट ना?"

तिकडे होते, इकडे नाहीत, एवढं सांगून मी पुढची ओळ भरायला घ्यायची. मुलं कागदांच्या कडा जुळवत बसायची. वाचणारी रक्कम फारशी नसायची, पण आई-बापांचं नाव आपल्या नावाखाली लिहू देत नाहीत याचं त्यांना खरंच वाईट वाटायचं. मला ते कळायचं. पण कळून उपयोग नव्हता.

माझ्या बाबांचं नाव मात्र माझ्या नावाखाली लिहिलेलं होतं.

बाबा २००३ च्या मे महिन्यात आले. आई आदल्या वर्षी गेली. धाकटा भाऊ नागपूरला होता, पण त्याचा फ्लॅट दोन खोल्यांचा, मुलगी शाळेत, सासूही त्याच्याकडेच. माझ्याकडे तीन खोल्या होत्या आणि त्यांतल्या दोन मी फक्त व्हॅक्यूम करायला उघडत असे. मी इथली नागरिक होते, वडिलांना बोलावणं सोपं होतं. अर्ज केला, ग्रीन कार्ड आलं, बाबा आले.

बाबांना पेन्शन नव्हती. नागपूरच्या एका खाजगी ट्रान्सपोर्ट कंपनीत त्यांनी आयुष्यभर बुकिंग बघितलं. दिवसभर समोर ट्रकवाले, हमाल, माल अडकला म्हणून ओरडणारे व्यापारी. असा माणूस मी एका अशा गल्लीत आणून ठेवला जिथे सकाळी आठनंतर गॅरेजची दारं बंद झाली की संध्याकाळपर्यंत कुणी दिसत नाही, आणि फुटपाथ कोपऱ्यावर जाऊन संपतो. याचा मी आधी विचार केला नव्हता. मी अर्जांचा विचार केला होता.

दुसरी एक गोष्ट मी धरली नव्हती. बाबा मुलीच्या घरचं खात नसत. जुन्या वळणाचे होते ते या बाबतीत. माझं लग्न झालं तेव्हा मी नाशिकला होते. मला भेटायला आले की आधी माझ्या हातावर काहीतरी ठेवायचे, मग पाणी घ्यायचे. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी, इतक्या लांब आल्यावर, घरात दुसरं कुणी नसताना हे चालू राहणार नाही. पहिल्याच आठवड्यात ताट उचलताना खाली वीस डॉलरची नोट सापडली. भावानं निघताना खर्चाला दिलेले डॉलर ते मला देत होते.

"बाबा, हे काय?"

"असू दे."

"असू दे काय? हे संपले की काय करणार आहात?"

"संपू दे तर आधी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा नोट. मी परत त्यांच्या खिशात ठेवली तर ते रात्री जेवायलाच बसेनात. म्हणाले, पोट जड आहे. शेवटी मला एक युक्ती सुचली, आणि युक्ती म्हणजे खोटं नव्हतं.

"बाबा, तुम्ही इथे राहता म्हणून माझा टॅक्स कमी होतो. तुमचं उत्पन्न काही नाही आणि खर्च मी करते, म्हणून सरकार मला सूट देतं. तुमच्यामुळे मी हेड ऑफ हाउसहोल्ड होते."

"म्हणजे काय?"

"कुटुंबप्रमुख. एकट्या बाईपेक्षा कुटुंबप्रमुखाला टॅक्स कमी."

बाबांनी घास हातात धरून विचार केला. "आणि मी नसतो तर?"

"तर मी एकटी. जास्त टॅक्स."

"म्हणजे माझं जेवण त्यातून निघतं."

"निघतं."

त्यानंतर ताटाखाली नोट आली नाही. उलट भेटेल त्याला बाबा सांगायचे, की मी मुलीकडे आहे तो तिचा टॅक्स वाचावा म्हणून. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, "मुलगा नाही का तुम्हाला?" तर म्हणायचे, "आहे ना, नागपूरले. पण त्याचा टॅक्स माझ्यानं वाचत नाही."

याला एक अट होती, ती मीच सांगितलेली. वर्षातला निम्म्याहून जास्त काळ त्यांनी माझ्या घरात राहिलं पाहिजे. बाबांनी ती अट नोकरीसारखी पाळली. एकदा हिवाळ्यात नागपूरला गेले असताना त्यांना नातीची दहावी होईपर्यंत थांबायचं होतं. परीक्षा, निकाल, सगळं. फोनवर विचारलं, "थांबू का?" मी म्हटलं, "थांबा, पण जूनअखेर इथे पोचलं पाहिजे, नाहीतर हिशेब बिघडेल." ते निकालाच्या आधीच परत आले. म्हणाले, उगाच रिस्क कशाला.

टॅक्सच्या दिवसांत बाबा खुशीत असायचे. शनिवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून तयार. आलेल्या माणसाचे कागद माझे, माणूस त्यांचा.

"गाव कोणतं तुमचं?"

"अकोला, आजोबा."

"अकोल्यात कुठे?"

पोरगं मोहल्ला सांगायचं आणि त्या मोहल्ल्यात बाबांचा एक ट्रान्सपोर्टवाला निघायचा. अमरावती, चाळीसगाव, लातूर, कुठलंही सांगा. मी आकडे भरत असायची आणि मागे कुठल्यातरी पुलावर पाण्यात अडकलेल्या कांद्याच्या ट्रकची गोष्ट चालू असायची. लोकांचं काम झालं तरी ते उठायचे नाहीत. एक मुलगा तर पुढच्या शनिवारी कागद न घेताच आला. म्हणाला, "आजोबांची ती गोष्ट अर्धी राहिली होती."

पंधरा एप्रिलला टॅक्सची मुदत संपली की हे बंद व्हायचं. नळ बंद केल्यासारखं. कुणी वाईट नव्हतं. कामाला आलेली माणसं काम झालं की जातात. मी सकाळी साडेसातला निघायची, संध्याकाळी साडेसहाला यायची. बाबा पुढच्या खिडकीशी बसलेले असायचे. पत्रं टाकणारी बाई किती वाजता येते, समोरच्यांचा कुत्रा कोण फिरवतं, कचऱ्याची गाडी कुणाचा डबा पाडून गेली, हे सगळं त्यांना पाठ. आम्ही जेवायला बसायचो.

"आज काय केलंत?"

"काही नाही. तू?"

"काही नाही."

मला वाटायचं, किती छान चाललंय आमचं. भांडण नाही, कटकट नाही. दारात गाडी वळवली की खिडकीत दिवा असतो. त्याआधी अनेक वर्षं मी अंधाऱ्या घरात किल्ली लावून शिरत होते, त्यामुळे मला तो दिवा पुरेसा होता. त्यांना काय पुरतं याची चौकशी मी केली नाही. ते मागत काही नव्हते.

२००५ च्या शरद ऋतूत डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं. बाहेर थंडी पडायला लागली होती, म्हणून मी त्यांना ऑफिसला जाता जाता मॉलवर सोडायला लागले. दुकानं उघडण्याआधी मॉलचे दरवाजे उघडे असतात आणि आसपासची म्हातारी माणसं आत फेऱ्या मारतात, हे मी ऑफिसात ऐकलं होतं. तिथे बाबांना बडोद्याचे एक भाई भेटले, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. मग एक कोल्हापूरचं जोडपं भेटलं. ही सगळी मॉलच्या मागच्या एका इमारतीत राहायची. वृद्धांसाठी बांधलेली, प्रत्येकाची वेगळी छोटी जागा, खाली सगळ्यांसाठी एक मोठी खोली. वृद्धाश्रम म्हणावा तर तसं नव्हे; भाड्याची घरं, फक्त भाडेकरू सगळे साठीच्या पुढचे. दुपारी खालच्या खोलीत पत्ते चालायचे. भाई बाबांना संध्याकाळी आपल्या मुलाच्या गाडीतून घरी सोडायचे.

आता जेवताना विचारलं की उत्तर यायला लागलं. "आज भाईनं पान चोरलं. समोर चोरलं, बाप्पा! कोल्हापूरच्या वहिनींनी पकडला. त्या म्हणाल्या, गार्डसाहेब, विनातिकीट चाललात." बाबा हसत होते आणि मीही हसले. मला बरं वाटलं, की चला, त्यांचा दिवस जातोय. संध्याकाळी दिवा लागलेलाच होता.

मार्च २००६ मधल्या एका शनिवारी एक जोडपं आलं. दोघंही पुण्याची, दोघंही इंजिनियर. मुलीनं बॅग उघडता उघडताच सांगितलं, "काकू, माझी आई अ‍ॅशबर्नला असते. ग्रीन कार्ड आहे. माझा भाऊ तिथे होता म्हणून तिला तिथली सवय झालीय. आता भाऊ टेक्सासला गेला, पण ती हलायला तयार नाही. एकटीच राहते. भाडं, किराणा, औषधं, सगळं आम्ही देतो. तिला डिपेंडंट टाकता येईल ना?"

"नाही," मी म्हटलं. "तुमच्या घरात राहायला हवी. वर्षाचा निम्म्याहून जास्त काळ."

मुलगी घुटमळली. "पण काकू, मी वाचलं ते वेगळंच आहे."

"इंटरनेटवर काहीही असतं."

"नाही, त्यांच्या स्वतःच्या साइटवरचं. प्रिंट आणलंय." तिनं कागद काढून माझ्यासमोर ठेवला. पिवळ्या पेननं खूण केलेली होती. "हे बघा ना. घरात राहायची अट मुलांना आहे, दुसऱ्या काही लोकांना आहे. आई-वडिलांना नाही. ते वेगळ्या घरात राहिले तरी चालतात. फक्त खर्च निम्म्यापेक्षा जास्त आपण करायला हवा."

मी कागद वाचला. मग उठून माझी पुस्तिका काढली आणि त्यात बघितलं. होतं. त्याच पानावर, मी वाचायचे त्या ओळीच्या खाली, वेगळ्या मथळ्याखाली. मुलांचा नियम वाचून मी तिथेच थांबले होते आणि तोच सगळ्यांना लावत होते. आणखी खाली असंही होतं, की कुटुंबप्रमुख म्हणवून घ्यायलाही आई-वडिलांनी आपल्याबरोबर राहावं लागत नाही; त्यांच्या वेगळ्या घराचा खर्च आपण चालवला तरी पुरतं.

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. "टाकू आईला."

मुलीला इतका आनंद झाला की तिनं तिथूनच आईला फोन लावला. तेवढ्यात बाबा चहाचा ट्रे घेऊन माझ्या मागे उभे आहेत हे मला कळलं. किती वेळ उभे होते कोण जाणे; चहावर साय धरली होती.

"म्हणजे घरातच राहायला पाहिजे असं नाही?" त्यांनी विचारलं. मला नाही, त्या मुलीला.

"नाही आजोबा. सीनियर लोकांना सूट आहे."

"आणि पोरांनाच घरात राहायची सक्ती?"

"हो ना."

"आपल्याकडे उलटं आहे बाप्पा," बाबा म्हणाले. सगळे हसले. बाबांनी चहा परत गरम करायला नेला.

त्यानंतर ते या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. एप्रिल संपला, मे संपला. मला वाटलं, विसरले. जूनमध्ये एका संध्याकाळी भाजी वाढून घेताना म्हणाले,

"भाईंच्या मजल्यावर एक जागा रिकामी होऊन राहिली आहे."

"अच्छा."

"एक खोली आणि स्वयंपाकघर. एका माणसाला भरपूर."

मी पोळी मोडत होते. ती मोडतच राहिले.

"आता मी तिथे राहिलो तरी तुझा टॅक्स वाचेलच," ते म्हणाले. "तसं लिहिलंय म्हणे."

"लिहिलंय. पण मग भाडं मी द्यायला लागेल. सगळं. तुम्ही ताटाखाली काही ठेवायचं नाही, तिथल्याही नाही. नाहीतर सूट जाईल."

मला वाटलं होतं, इथे अडेल. मुलीच्या पैशानं वेगळं बिऱ्हाड करणं त्यांना पटणार नाही. पण बाबांनी याचाही विचार करून ठेवला होता. "नियमच तसा असेल तर काय करणार?" म्हणाले. "घ्यावंच लागेल मला."

शनिवारी आम्ही जागा बघायला गेलो. मी गाडीतून उतरले ती चुका शोधायच्या तयारीनंच. हीटर चालू करून पाहिला, नळ सोडून पाहिले, बाथरूममध्ये मदतीची दोरी आहे का ते बघून ती ओढलीही. दोन मिनिटांत एक माणूस धावत आला. लिफ्ट चांगली होती. जिन्यात वास नव्हता. मॅनेजरबाईला मी इतके प्रश्न विचारले की तिनं विचारलं, तुम्ही इन्स्पेक्टर आहात का. खिडकीतून मॉलची मागची भिंत आणि मालाचे ट्रक रिकामे करायची जागा दिसत होती. माझ्या मते हा एक दोष होता. बाबा त्या खिडकीशी जाऊन उभे राहिले ते हलेनात. खाली एक ट्रक मागे घेत होते.

खालच्या खोलीत कोल्हापूरच्या काकू पत्ते पिसत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "यायचं म्हणत्यात तुमचे वडील. लोक तुम्हाला नावं ठेवतील बघा, मुलीनं हाकललं म्हणून."

"ठेवू देत," मी म्हटलं.

"भाड्याची काळजी करू नका, भाई जुगारात हरतील तेवढं," कोल्हापूरचे काका म्हणाले, आणि भाईंनी हिंदीत काहीतरी शिवी हासडली. बाबा त्यांच्यात बसून पानं उचलायला लागले होते. मला तिथे पाचदहा मिनिटं बसायला खुर्ची दिली, पण पत्ते वाटताना माझी गणती नव्हती.

परतताना मॉलसमोरच्या सिग्नलला गाडी थांबली. बाबा समोर बघत म्हणाले, "तू नको म्हणालीस तर नाही जाणार."

"भाडं मला परवडतं."

"ते नाही विचारून राहिलो मी."

सिग्नल हिरवा झाला. मी निघाले नाही. मागच्यानं हॉर्न दिला.

"लिफ्ट चांगली आहे तिथली," मी म्हटलं आणि गिअर टाकला.

बाबांनी सीटबेल्ट सारखा केला. मग म्हणाले, "हो. लिफ्ट चांगली आहे."

ऑगस्टमध्ये ते तिकडे राहायला गेले. दोन बॅगा, कुकर, तवा, देवघरातला बाळकृष्ण. पलंग आणि टेबल मी नवं घेऊन तिथे पोचतं केलं, पडदे लावून दिले, औषधांचे डबे दिवसांप्रमाणे भरून ठेवले. संध्याकाळी घरी आले तर खिडकी अंधारी होती. दुसऱ्या दिवशी दुकानातून टायमर आणला आणि त्यावर खिडकीतला दिवा लावला. सहा वाजता लागायचा, दहाला विझायचा. चोरांसाठी हा उपाय चांगला असतो, असं तो विकणाऱ्यानं सांगितलं.

दिवाळीच्या कार्यक्रमात एक बाई साडीचा पदर सावरत माझ्याशेजारी येऊन बसल्या. "बाबांना होममध्ये ठेवलं म्हणे?"

"भाड्याच्या घरात राहतात. तुम्ही राहता तसेच."

त्या उठून गेल्या. त्या संध्याकाळी माझ्याशी बोललेल्या त्या शेवटच्या.

वाचणारा टॅक्स आणि द्यावं लागणारं भाडं यांचा काही मेळ नव्हता. भाडं कितीतरी पट जास्त. बाबांनी एकदा विचारलं, "टॅक्समधून निघतं ना सगळं?" मी म्हटलं, "निघतं." त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा विचारलं नाही. आयुष्यभर मालाची भाडी लावलेला माणूस. त्यांना खरंच अंदाज नव्हता की नको होता, हे मी शोधलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत मी माझा फॉर्म भरला. हेड ऑफ हाउसहोल्ड. पुस्तिका उघडी ठेवून, या वेळी सगळ्या ओळी वाचून. सगळं कायदेशीर होतं. तीन खोल्यांच्या घरात मी एकटी होते आणि कुटुंबप्रमुख होते. पूर्वी घरात दोघं असतानाही तेच लिहायचे, त्यामुळे कागदावर काही बदललं नाही.

त्या वर्षी बाबा शनिवारी चहाला यायचे. मी आणायची, मी सोडायची. पण माणसं कमी झाली होती. नव्या मुलांना सॉफ्टवेअर मिळालं होतं. प्रश्न विचारतं, उत्तरं टाइप केली की रिटर्न तयार. डब्याचीही गरज नाही. बाबा आधण ठेवून बसायचे आणि दुपारपर्यंत एखादं जोडपं यायचं. तीन वाजले की ते घड्याळाकडे बघायचे. चारला तिकडे डाव बसायचा.

२००८ च्या मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी मी फोन केला. "आणायला येऊ का? आज एक जण येणार आहे."

"कोण, कुठला?"

"माहीत नाही. फोनवर गाव नाही सांगितलं."

"आज भाईंचा वाढदिवस आहे गं. मी भात करून राहिलो सगळ्यांसाठी." मग म्हणाले, "तूच ये. तुझा फॉर्म पण घेऊन ये. माझं नाव नीट लिहिलं का पाहतो. यंदा चालतो ना मी?"

"चालता."

"मग ये."

ज्याचा फोन आला होता त्यानं अकराला मेसेज ठेवला, की ऑनलाइन करून टाकलं, थँक्स आंटी. मी गेले. बाबांच्या खोलीत गॅसवर मोठं पातेलं होतं, वडाभात. आई करायची तो. त्यांना तो येतो हे मला माहीत नव्हतं. माझ्या घरात तीन वर्षं त्यांनी चहाशिवाय काही केलं नव्हतं. मी जमिनीवर पसरलेली वर्तमानपत्रं उचलायला लागले तर म्हणाले, "बस तू. माहेरी येऊन काय काम करतेस?"

मी बसले. त्यांनी ताट वाढलं, वर फोडणीचं तेल घातलं, आणि मी जेवेपर्यंत ते समोर बसून राहिले. खालून भाईंनी दोनदा हाक मारली. "येतो बे," बाबा ओरडले, "पोरगी जेवून राहिली." भिंतीवर त्यांनी माझा ऑफिसातला एक फोटो लावला होता, तो कुठून मिळवला कोण जाणे. फॉर्मवरचं स्वतःचं नाव त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि परत दिला.

निघताना त्यांनी स्टीलच्या डब्यात भात भरून दिला. "उद्या ऑफिसात खा."

"उद्या रविवार आहे, बाबा."

"मग घरी खा." लिफ्टपर्यंत सोडायला आले. दार लागता लागता म्हणाले, "डबा परत आण मात्र. एकच आहे."

घरी आले तेव्हा सहा वाजून गेले होते, दिवा लागलेला होता. भात मी दोन दिवस पुरवून खाल्ला. गुरुवारी ऑफिसातून परस्पर डबा द्यायला जायचं म्हणून बुधवारी तो घासून पुसून ओट्यावर ठेवला. आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. फ्रीज उघडून पाहिला. दूध, ब्रेड, अर्धं लिंबू. एकटीसाठी मी काही करत नव्हते बरेच दिवस. फळीवर शोधलं, तिथेही डब्यात घालून द्यावं असं काही नव्हतं.

शेवटी साखर भरली.